रुळांजवळचं घर आणि सावध झोप: घर बदलूनही पहाटे जाग येत असेल तर

झोप सावध आहे, नोकरी लोकलच्या भरवशावर आहे, त्यामुळे घर स्टेशनच्या आसपासच हवं. एजंट सांगतो, ‘स्टेशनपासून सात मिनिटं, पण ट्रॅक लांब आहे.’ घर घेतलं जातं. सुरुवातीचे दिवस सामान लावण्यात जातात, थकव्याने झोप लागते. मग एका पहाटे चारच्या सुमारास डोळे टक्क उघडतात, आणि त्यानंतर रोजच. करार संपला की दुसरं घर शोधायचं, आधीच्यापेक्षा आणखी आत, आणि पावसाळा सरून खिडक्या उघडल्या की पुन्हा तीच पहाट. मुंबई, ठाणे, कल्याण, वसई, पनवेल या पट्ट्यात हे दुखणं घेऊन फिरणारी माणसं मला सतत भेटतात. ‘सवय होईल’ हे उत्तर त्यांना देणं मला पटत नाही. काहींना सवय होते, काहींना वर्षं लोटली तरी होत नाही, आणि अर्धवट झोपेवर गर्दीच्या लोकलला लटकणं धोक्याचंही आहे.

समस्या पुन्हा पुन्हा येते कारण आपण दर वेळी एकच गोष्ट बदलतो: अंतर. आणि रेल्वेच्या बाबतीत अंतराचा उपयोग वाटतो त्यापेक्षा फार कमी असतो. एका जागी उभ्या असलेल्या जनरेटरपासून दुप्पट लांब गेलं तर आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. गाडी मात्र लांबलचक ओळ असते. तिच्या लांबीच्या मानाने तुम्ही जवळ आहात तोवर अंतर दुप्पट करून जेमतेम 3 डेसिबल पदरात पडतात. म्हणजे रुळांपासून 50 मीटरवरचं घर सोडून 100 मीटरवर गेलात तर फरक कानाला कसाबसा जाणवेल इतकाच. याउलट मध्ये एक सलग इमारत उभी राहिली तर त्याच 100 मीटरवर झोप लागू शकते.

म्हणून प्रश्न बदला. रात्री एक ते पाच या वेळात त्या रुळांवर काय चालू असतं? ते तुमच्या घरासमोर नेमका कोणता आवाज करतं? आणि त्या आवाजाला तुमच्या उशीपर्यंत सरळ वाट आहे का? याची उत्तरं मिळाली की मीटर मोजायची गरज राहत नाही.

आधी नक्की कशाने जाग येते ते शोधा

हे काम सध्याच्या घरातच करायचं, नवं घर शोधण्याआधी. फोनवर आवाज रेकॉर्ड करणारं कुठलंही साधं ॲप घ्या, फोन उशीशेजारी ठेवा, चार्जिंगला लावा आणि रात्रभर रेकॉर्डिंग चालू ठेवा. जाग आली की दिवा न लावता, हळू आवाजात नुसतं ‘जागी झाले’ एवढं म्हणा. वेळ रेकॉर्डिंगमध्ये आपोआप येते, घड्याळ बघायचं नाही, कारण घड्याळ बघितलं की उरलेल्या तासांचा हिशोब सुरू होतो आणि झोप तिथेच संपते. सकाळी जाग येण्याच्या आधीचं मिनिटभर ऐका. सलग काही रात्री हे करा, त्यात एक रविवारची रात्र असू द्या.

असं केल्यावर बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. डोंबिवलीत राहणारी माझी एक मैत्रीण गाड्यांना वैतागून घर सोडायला निघाली होती. रेकॉर्डिंगमध्ये जाग येण्याच्या आधी ऐकू आली ती सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची घरघर. महापालिकेचं पाणी पहाटे यायचं, वॉचमन पंप चालू करायचा आणि बैठकीखालचं रबर झिजल्यामुळे तो कंप खांबातून थेट तिच्या बेडरूमच्या भिंतीत यायचा. गाडी त्यानंतर यायची, पण डोळे उघडल्यावर कानावर पडायची ती गाडीच, म्हणून दोष तिच्यावर. पंपाखाली नवे रबरी पॅड बसवले आणि घर सोडायची वेळ आली नाही. पंप, लिफ्टची मोटर, रिक्षा स्टँड, दुधाचे क्रेट उतरवणारा टेम्पो, कुत्री: यातलं काही निघालं तर उपाय सोसायटीत आहे, घरबदलात नाही.

गाडीच निघाली तर तिची वेळ वेळापत्रकाशी ताडून बघा. लोकलसाठी एम-इंडिकेटर हे ॲप पुरेसं आहे. मेल-एक्स्प्रेस असेल तर गाडीचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या ॲपवर सापडते. कुठल्याच वेळापत्रकात बसत नसेल, आवाज लांबत जात असेल आणि कपाटावरची भांडी किणकिणत असतील, तर ती मालगाडी.

नेमका कोणता एक आवाज उठवतो हे कळणं महत्त्वाचं आहे, कारण ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागासाठी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात 45 डेसिबलची मर्यादा घालतात, पण ती सरासरी असते. सावध झोपेच्या माणसाची झोप सरासरीने मोडत नाही. ती एका टोकाच्या आवाजाने मोडते, दोन सेकंदांच्या भोंग्याने. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 च्या मार्गदर्शक सूचनांत बेडरूमच्या आत अशा एकेका आवाजाचं टोक 45 डेसिबलच्या आत असावं असं म्हटलं ते याचसाठी. रात्रीच्या पहिल्या तीन-चार तासांत गाढ झोपेचा वाटा मोठा असतो, तेव्हा साडेअकराची जलद लोकल दणाणत गेली तरी पत्ता लागत नाही. उत्तररात्री झोप पातळ होत जाते आणि तिच्यापेक्षा कमी आवाजाची चारची लोकल उठवून बसवते. तुमचं लक्ष या उत्तररात्रीवर हवं.

एक ते पाचच्या मध्ये रुळांवर काय असतं

‘लोकल रात्री बंद असतात’ हे अर्धसत्य आहे. पश्चिम रेल्वेवर अंधेरी-बोरिवलीच्या पट्ट्यात साधारण दोन ते चारच्या मध्ये लोकलची खरी शांतता मिळते. मध्य रेल्वेवर तुम्ही जितके लांब राहता तितका हिशोब बदलतो. मध्यरात्रीच्या सुमारास सीएसएमटीहून सुटलेली शेवटची कर्जत किंवा कसारा लोकल मुक्कामाला पोचेपर्यंत अडीच-तीन वाजतात, आणि थोड्याच वेळात तिकडून मुंबईकडे पहिल्या गाड्या निघतात. बदलापूर किंवा टिटवाळ्याला लोकल नसलेला वेळ फार थोडा उरतो.

लोकल नसताना रूळ मोकळे मिळतात म्हणूनच मालगाड्या तेव्हा सोडल्या जातात. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या पहाटे साडेतीन ते सहाच्या दरम्यान मुंबईत शिरतात आणि त्या ठाणे-कल्याणच्या घरांसमोरून त्याआधीच जातात. ज्या मार्गावर लोकल कमी, तिथे शांतता जास्त, असं समजून लोक दिवा-वसई किंवा दिवा-पनवेल मार्गालगत घर घेतात. दिवसा खरोखर तिथे सामसूम असते. पण गुजरात, उरणचं बंदर आणि कोकण यांना जोडणारी मालवाहतूक याच रुळांवरून होते, कोकणच्या गाड्याही दिवा-पनवेलवरूनच जातात. झोप सावध असेल तर लोकलने गजबजलेल्या हार्बर मार्गाजवळचं घर मी या मार्गांपेक्षा आधी बघेन. हार्बरवर रात्रीची विश्रांती बरीचशी पक्की असते.

रात्रीच्या याच मोकळ्या वेळात रुळांची देखभालही होते. खडी दाबणारं यंत्र, वेल्डिंग, मुकादमाची शिट्टी, कामगारांच्या हाका. हे अधूनमधून होतं, रोज नाही. एक-दोन रात्रींच्या अशा कामावरून घर नाकारू नका.

कारशेडजवळचं घर मात्र नाकाराच. कुर्ला, कळवा, सानपाडा, कांदिवली, विरार इथल्या कारशेडमधून पहाटेच्या गाड्या बाहेर काढायच्या असतात, त्यामुळे हवेचे कॉम्प्रेसर, ब्रेकची फुसफुस आणि भोंग्याची चाचणी हे सगळं जगाच्या आधी सुरू होतं. कल्याणचं यार्ड आणि वसई रोडचं यार्ड रात्रभर जागं असतं.

मेट्रोचा मामला वेगळा. उन्नत मेट्रो रात्री अकरा-साडेअकराच्या पुढे थांबते आणि पहाटे साडेपाचच्या आसपास सुरू होते, मालगाडी नाही, फाटक नाही. मेट्रोच्या शेजारच्या घरात उत्तररात्र बरी जाते. अडचण खालच्या रस्त्याची असते. मेट्रो 7 पश्चिम द्रुतगती महामार्गावरून जाते, 2A लिंक रोडवरून. तिथे झोप मोडते ती ट्रकमुळे.

आवाज नेमका कुठे तयार होतो

रुळांच्या एकाच पट्टीवर शंभर पावलांनी रात्र बदलते. सलग वेल्ड केलेल्या रुळांवरून, सरळ रेषेत, बेताच्या वेगाने जाणारी लोकल म्हणजे एक वाढत जाऊन ओसरणारी घरघर असते. तिच्याशी झोप जुळवून घेऊ शकते, कारण तिला धक्का नसतो. झोप मोडणारे आवाज ठरावीक ठिकाणी जन्माला येतात, आणि त्या जागा आधी ओळखता येतात.

सगळ्यात वाईट जागा सिग्नलची. स्टेशनच्या बाहेर, जिथे गाडीला आत घ्यायचं की नाही हे ठरतं, तिथे रात्री मालगाडी थांबवून ठेवली जाते. थांबलेली गाडी त्रास देत नाही. सिग्नल मिळाला की आधी भोंगा, मग इंजिन ओढ घेतं आणि डब्यांमधल्या जोडण्यांची ढील एकेक करून ताणली जाते. खण्, खण्, खण् असा आवाज इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत धावत जातो, आणि तुमची खिडकी त्या धावेच्या मध्येच कुठेतरी असते. हा आवाज रोज नसतो, वेळ ठरलेली नसते, म्हणून त्याची सवय लागत नाही. घर बघताना गच्चीवरून सिग्नलचा खांब दिसतो का ते बघा. खिडकीसमोर खांब दिसला तर मी त्या घराचं भाडंही विचारत नाही.

दुसरी जागा सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती. हे बहुतेक स्टेशनच्या दोन्ही टोकांना असतात. प्रत्येक चाक तिथे खड्ड्यातून गेल्यासारखं आपटतं, आणि पंधरा डब्यांच्या गाडीला चाकं पुष्कळ असतात. उपग्रहाच्या नकाशात झूम केलं की रूळ एकमेकांना तिरके छेदताना स्पष्ट दिसतात.

लोखंडी पूल तिसरी. खडी नसलेल्या गर्डरच्या पुलावर रूळ थेट लोखंडावर बसलेले असतात आणि अख्खा पूल गुंजतो. खाडीवरचे मोठे पूल सगळ्यांना माहीत असतात, नाल्यावरचा दहा पावलांचा पूल मात्र नकाशात सुटतो. चालत जाऊन बघा.

वळणावर चाकांची कड रुळाला घासते आणि किंचाळल्यासारखा बारीक, तीव्र आवाज येतो. वडाळ्याहून किंग्ज सर्कलमार्गे माहीमकडे वळणारी हार्बर लाइन याचं उदाहरण. सँडहर्स्ट रोडला हार्बरचे रूळ वरून जातात आणि जुन्या इमारतींच्या मजल्यांना अगदी खेटून जातात. तिथे वरचा मजला घेऊन सुटका नाही, उलट गाडी समोरासमोर येते.

आणि भोंगा. मोटरमन हौसेने वाजवत नाही. फाटकाच्या आधी रुळांशेजारी ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी असते, तिथून फाटकापर्यंत त्याला शिटी द्यावीच लागते. फलाटावर न थांबता जाणारी गाडीही भोंगा देत जाते. पण सर्वांत जास्त भोंगे वाजतात ते रुळांलगतच्या भिंतीला भगदाड असतं तिथे. माणसं पलीकडे जायला रूळ ओलांडतात, पायवाट पडलेली असते, आणि प्रत्येक मोटरमन त्या जागेवर सावध होऊन हॉर्न दाबतो. घराच्या आसपास अशी पायवाट आहे का हे पानटपरीवाल्या काकांना विचारा. ती असेल तर तो भोंगा माणसांचा जीव वाचवतो आहे. त्याविरुद्ध तक्रार करून काही होणार नाही आणि होऊही नये. भगदाड बुजवून तिथे पादचारी पूल व्हावा यासाठी नगरसेवकाच्या मागे लागणं मात्र योग्य आहे. फलाटावरच्या घोषणांचा आवाज रात्री बेसुमार असेल तर 139 वर रेलमदतला तक्रार करता येते. तिचा उपयोग होऊ शकतो.

वेगाचाही हिशोब आहे. चाक-रुळाच्या घर्षणाचा आवाज वेग दुप्पट झाला की साधारण 9 डेसिबलने चढतो. म्हणून जलद मार्ग तुमच्या बाजूला आहे की धीमा, याने मोठा फरक पडतो. स्टेशनच्या पुलावर दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं.

इमारतीत कुठली खोली

रुळांना समांतर पहिल्या रांगेतली इमारत असेल तर तिच्या मागच्या अंगाची बेडरूम, किंवा सरळ दुसऱ्या रांगेतली इमारत. यात तडजोड नको. ‘बाजूला’ तोंड असलेली खोली मध्यम असते, कारण तिला गाडीचा अर्धाच पल्ला दिसतो.

मजल्याबद्दल लोकांची समजूत उलटी असते. तळमजल्याला आणि पहिल्याला कंपाउंडची भिंत, टपऱ्या, झाडांमागचे बांध असा आडोसा मिळतो. तिसऱ्या-चौथ्यापासून वर रूळ उघडे दिसू लागतात. बाराव्यावर गेलात तर अंतर थोडं वाढतं, पण मधला सगळा आडोसा संपतो आणि लांबवरच्या गाड्याही ऐकू येऊ लागतात. मालगाडीच्या कंपाचं मात्र उलट, तो जमिनीतून येतो आणि खालच्या मजल्यांना जास्त लागतो. कंप तपासायला काचेचा पाण्याने भरलेला ग्लास जमिनीवर ठेवा आणि गाडी जाताना पाण्याकडे बघा. पाणी थरथरत असेल तर कितीही जाड काच लावा, ते घर सावध झोपेचं नाही.

समोरासमोर दोन उंच टॉवर असतील आणि मधल्या पोकळीचं तोंड रुळांकडे असेल, तर ‘आतल्या बाजूची’ बेडरूमही फसवते. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. त्या पोकळीत उभं राहून एक टाळी वाजवा, लगेच कळेल.

खिडकीइतकंच बाथरूमकडे लक्ष द्या, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. आपल्याकडच्या बाथरूमला काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी असते. ती कधीच पूर्ण बंद होत नाही, वर एक्झॉस्ट पंख्याचं भोक असतं. बेडरूमची खिडकी मागच्या अंगाला आणि तिला जोडलेल्या बाथरूमची खिडकी रुळांकडे, अशी रचना असंख्य फ्लॅटमध्ये आहे. बाथरूमच्या दाराखाली बोटभर फट असते. रात्री आवाज तिथून येतो आणि माणूस खिडकीवर पैसे घालत बसतो.

घर बघायला कधी जायचं

एजंटला सोयीचा वार रविवार, वेळ दुपारची. आणि रविवारी दुपारीच मध्य आणि हार्बर मार्गांवर मेगाब्लॉक असतो. तुमच्या बाजूच्या रुळांवर ब्लॉक असेल तर अर्धा तास बसूनही एक गाडी जाणार नाही, आणि घर देवघरासारखं शांत वाटेल. रविवारी घर बघायला हरकत नाही, ठरवायला आहे.

पसंत पडलेलं घर मधल्या वारी रात्री साडेनऊ-दहानंतर पुन्हा बघा. बेडरूममध्ये, उशी जिथे येईल तिथे खाली बसा, पंखा बंद, आधी खिडकी उघडी आणि मग बंद. दोन्ही दिशांच्या जलद गाड्या जाईपर्यंत उठू नका. फोनवरचं डेसिबल दाखवणारं ॲप आकडा बरोबर सांगेलच असं नाही, पण एकाच फोनने दोन घरांची तुलना करायला ते चांगलं आहे. शक्य असेल तर पहाटे चार ते पाचच्या दरम्यान त्या गल्लीत एक चक्कर मारा. कटकटीचं वाटतं, पण अकरा महिन्यांच्या पहाटा त्या एका पहाटेवर ठरतात.

शेजाऱ्यांना विचारताना ‘गाड्यांचा आवाज येतो का हो?’ असं विचारू नका. ‘आता सवय झाली’ हेच उत्तर येतं आणि ते खरंही असतं. त्याऐवजी समोरच्या आजींना विचारा, ‘आजी, पहाटेची पहिली गाडी किती वाजता जाते इथून?’ त्यांनी पटकन वेळ सांगितली तर ती गाडी घरात ऐकू येते. ‘काय की बाई’ म्हणाल्या तर ते तुमच्यासाठी चांगलं लक्षण. तसंच, गाडी आली की फोनवरचं बोलणं थांबवावं लागतं का, हेही विचारा.

ऋतूचं भान ठेवा. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात आणि पावसाचा आवाज सगळं झाकतो. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि वर निघून जाणारा आवाज खाली वळतो, म्हणून एरवी न ऐकू येणारा दूरच्या फाटकाचा भोंगा डिसेंबरात घरात येतो. जुलैत घेतलेल्या घराची परीक्षा डिसेंबरात होते.

आहे त्याच घरात राहायचं असेल तर

उघड्या खिडकीतून बाहेरच्या आवाजातले साधारण 10 ते 15 डेसिबलच कमी होतात. मुंबईच्या हवेत खिडकी बंद म्हणजे एसी किंवा घुसमट, म्हणून मी आधी खोलीची दिशा बघायला सांगते. पण खिडकी बंद ठेवणं परवडत असेल, तर लढाई काचेची नाही, फटींची आहे. खिडकीच्या क्षेत्राच्या फक्त एक टक्का फट राहिली तरी बाकी सगळं कितीही भक्कम असो, 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. आपल्या नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांत पल्ल्यांच्या मध्ये केसाळ पट्टी असते, ती दोन-तीन वर्षांत झिजते. उदबत्ती लावून, पंखा बंद करून पल्ल्याच्या कडेकडेने फिरवा. धूर जिथे झुकतो तिथे फट. नवी केसाळ पट्टी आणि चिकटणारी रबरी पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, भाडेकरूही लावू शकतो. विंडो एसी काढलेल्या जागी प्लायचा नुसता तुकडा ठोकलेला असेल तर तिथे आधी जा.

स्वतःचं घर असेल आणि खर्च करायचाच असेल तर सरकती खिडकी काढून रबरी गॅस्केटवर घट्ट बसणारी, दारासारखी उघडणारी खिडकी घ्या, आणि काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असलेली. दुकानदार दुहेरी काचेचा आग्रह धरतात. ती उष्णतेसाठी चांगली, पण दोन्ही काचा सारख्या जाडीच्या आणि मधली पोकळी अरुंद असेल तर मालगाडीच्या खर्जातल्या आवाजाला ती फारशी अडवत नाही. खरं काम करते ती असलेल्या खिडकीच्या आतल्या बाजूला, भिंतीच्या जाडीत, हातभर नाही तरी वीतभर अंतर सोडून बसवलेली दुसरी खिडकी.

‘साउंडप्रूफ’ म्हणून विकले जाणारे पडदे आणि भिंतीला चिकटवायचे फोमचे चौकोन यांवर पैसे घालू नका. ते खोलीतला घुमणारा आवाज शोषतात, बाहेरचा अडवत नाहीत. बाथरूमच्या पट्ट्यांच्या खिडकीला आतून ॲक्रिलिकची सरकती झडप आणि दाराखाली रबरी पट्टी, हे त्याहून स्वस्त आणि जास्त उपयोगाचं.

पलंग बाहेरच्या भिंतीपासून आतल्या भिंतीला न्या. पंख्याचा किंवा एसीचा एकसारखा आवाज चांगला असतो, शांतता आणि भोंगा यांतली दरी तो कमी करतो. कानात घालायचे फोमचे बोळे नीट घातले तर बराच आवाज अडवतात: बोटांनी बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसते टोकाशी खुपसले तर काही उपयोग नाही. हे सगळं करूनही, गावाला शांत घरात झोपतानाही त्याच वेळी जाग येत असेल, तर ती गोष्ट गाडीची उरलेली नाही. झोपेच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जा.

करार आणि पुढची वर्षं

लिव्ह अँड लायसन्सच्या (भाड्याच्या) करारात लॉक-इनची मुदत, म्हणजे जिच्याआधी घर सोडता येत नाही ती, लिहिलेली असते, बहुतेकदा सहा महिने किंवा पूर्ण अकरा. सावध झोपेच्या माणसाने एक-दोन महिन्यांचीच मागावी. डिपॉझिटवर किंवा भाड्यावर थोडं वरखाली झालं तरी चालेल, पण हे कलम महत्त्वाचं. खिडकीच्या पट्ट्या बदलायला, आतली जादा खिडकी बसवायला मालकाची परवानगी करारातच लिहून घ्या आणि जाताना ती खिडकी कोणाची, तेही.

घर विकत घेत असाल तर आजचे रूळ मोजून भागत नाही. 2022 च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. त्याआधी जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या, त्यानंतर त्या कळवा-मुंब्र्याकडून जाऊ लागल्या आणि बोगद्याचा मार्ग मुख्यतः मेल-एक्स्प्रेसला मिळाला. दोन्हीकडच्या लोकांची घरं तिथेच राहिली, त्यांच्या रात्री बदलल्या. बोरिवली-विरार पाचवी-सहावी, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी हे मुंबईच्या रेल्वे विस्तारातले मार्ग आहेत. घर त्या पट्ट्यात असेल तर नवे रूळ तुमच्या बाजूने पडणार की पलीकडून, हे बिल्डरला विचारा. रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत बांधकाम असेल तर रेल्वेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्याची प्रत मागा आणि सोबतच्या नकाशावर रेल्वेची हद्द कुठवर आखली आहे ते स्वतः बघा. रूळ आणि तुमच्या इमारतीच्या मध्ये रेल्वेचीच रिकामी पट्टी असेल, तर ती कायम रिकामी राहील हे गृहीत धरू नका.